टोरीच्या तेलाचा वास

गाडीच्या ब्रेकचे काम मी स्वतः केले होते आणि ते कोणालाही सांगितले नव्हते.

न सांगण्याला कारण होते. गोंदियाच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी एकतीस वर्षे काढली. पुस्तके देणे, परत घेणे, फाटलेली पाने चिकटवणे, हाताला एवढेच वळण. निवृत्तीनंतर मात्र घरातल्या वस्तू उघडून पाहण्याची खोड लागली. माझी मुलगी डिंपल आल्यागेल्याला सांगायची, "बाबूजीनं पुस्तक वाचून कूलर सुधारला, तवापासून तो गार हवा बाहेर फेकते आन् गरम घरात घेते." सगळे हसत. मीही हसत असे. पण त्यानंतर मी जे काही दुरुस्त करायचो ते दुपारी, घरातले झोपल्यावर.

गाडी जुनी, छोटी, पांढरी. २००५ च्या डिसेंबरात तिच्या पुढच्या डाव्या चाकातून बारीक चिरका आवाज येऊ लागला. आमचा नेहमीचा श्यामलाल मिस्त्री कामात बुडालेला होता. "बाबूजी, पंद्रा दिन रुको," म्हणाला. माझ्याकडे ग्रंथालयाने रद्दीत काढलेले वाहनदुरुस्तीचे एक जाड पुस्तक होते. त्यात सगळे चित्रांसह होते. पुढच्या चाकात लोखंडी चकती असते आणि तिला दोन्ही बाजूंनी धरणारा एक जबडा, म्हणजे कॅलिपर. हा जबडा बोटाएवढ्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. ब्रेक दाबला की चकतीला धरतो, सोडला की सुटतो. पिना अडकल्या तर तो सुटतच नाही. चकती घासत राहते आणि तापते. म्हणून पिना काढायच्या, पुसायच्या आणि वंगण लावून परत बसवायच्या. वंगण मात्र खास हवे, कारण साध्या ग्रीसने पिनांवरची रबरी टोपणे फुगतात.

ते खास वंगण मला मिळाले नाही. एका दुकानदाराने बेअरिंगचे ग्रीस पुढे केले. "ग्रीस तो ग्रीस है, बाबूजी." त्याच्याशी वाद घालणे मला जमले नाही. मी चष्मा विसरल्याचे सांगून निघून आलो.

घरी पुन्हा पुस्तक उघडले. एका तळटीपेत लिहिले होते की रबराला न दुखवणारे ग्रीस वनस्पतीच्या तेलापासून, बहुधा एरंडेलापासून, तयार करतात. एरंडेल पातळ, ओघळून जाईल. पण आमच्या स्वयंपाकघरात टोरीचे तेल होते. टोरी म्हणजे मोहाच्या फळातली बी. तिचे तेल आमच्याकडे खातात, अंगाला लावतात, कुरकुरणाऱ्या दारांनाही घालतात. डिसेंबरच्या थंडीत ते तुपासारखे थिजलेले असते. म्हणजे वनस्पतीचे तेल, आणि वर ग्रीससारखे घट्ट. मला वाटले, पुस्तक लिहिणाऱ्याला मोह माहीत असता तर त्याने हेच लिहिले असते.

दोन्ही पिनांना मी ते बोटाने भरपूर चोपडले. आवाज थांबला. बाजार, पोस्ट, स्टेशन अशा लहान लहान फेऱ्यांत अडीच महिने सुखात गेले. थिजलेले तेल तापल्यावर काय करते हा प्रश्न मला पडला नाही. पडायला हवा होता. आमच्याच बरणीत ते दर उन्हाळ्यात पातळ होताना आणि तळणाच्या कढईच्या काठांवर काळे, चिकट होऊन बसताना मी आयुष्यभर पाहिले आहे.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी मी डिंपलला आणायला निघालो. तिचे सासर इटियाडोह धरणाच्या कालव्यावरच्या एका गावात. सातवा महिना उलटला होता आणि पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे होते. जाताना गाडी मीच चालवली, चाळीसच्या वर काटा न नेता, मध्ये दोनदा चहाला थांबत. गावात उतरलो तेव्हा चाकाजवळ कसलासा वास आला. विहीणबाईंच्या चुलीवर काही तळत असेल असे समजून मी आत गेलो.

परत निघताना विहीणबाईंनी आपल्या मुलाला, इंद्रकुमारला, पोचवायला सोबत धाडले. हे आमचे जावई. धानाची शेती करतात, स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः उघडतात. बोलणे रोखठोक. किल्ली त्यांनीच हातात घेतली.

"मामाजी, तुमी मागं बसा. तुमी चालवली तर पोरगं रस्त्यातच होईन."

डिंपलने पुढच्या सीटवर उशी ठेवली आणि सावकाश बसली. जावयांनी एका चाकाला सहज लाथ मारून पाहिली.

"हिले घेऊन जाऊन राहिलो, म्हनून इचारतो. ब्रेकगिरेक पाहून घेतले ना जी?"

"हो. आत्ताच दोन-अडीच महिन्यांपूर्वी."

"श्यामलालकडून?"

दार उघडे होते. डिंपल माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात ते कूलरचे हसू केव्हाही फुटेल असे मला वाटले.

"हो," मी म्हणालो. "श्यामलालकडून."

कालव्याच्या कडेने उन्हाळी धान हिरवेगार उभे होते. जावयांनी साठची गती धरली. वाटेतले अर्जुनी गाव मागे पडले तेव्हा ते म्हणाले, "गाडी डाव्या अंगाले ओढून राहिली, मामाजी."

"हवा कमी असेल," मी म्हणालो.

"हवा तर बरोबर दिसत होती."

थोड्या वेळाने एक गाव लागले. डिंपलने खिडकीबाहेर नाक काढले आणि हसली.

"कोन टोरीच्या तेलात वडे तळून राहिलं बा? मस्त वास येऊन राहिला."

"तुले या महिन्यात सगळाच वास मस्त येते," जावई म्हणाले. "परवा गोठ्यात उभी राहून म्हने, मातीचा वास छान आहे."

मीही वास घेतला. खरपूस, किंचित कडवट, तळणाचा. गाव मागे गेले. मी मनात म्हणालो, आता वास जाईल.

नवेगावचे जंगल सुरू झाले. दोन्ही बाजूंना साग आणि पानगळीचे रान, खाली वाळल्या पानांचा थर. एक घर नाही, एक झोपडी नाही. वास होता तसाच होता. उलट वाढला होता.

"जंगलात कोन तळते?" डिंपल म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

"मोहं फुलून राहिले असतीन," जावई म्हणाले.

"मोहाच्या फुलाचा वास मले नाही समजत का? हा तेलाचा आहे. करपून राहिलं."

कुठले तेल करपत होते ते त्या गाडीत फक्त मला माहीत होते. मी समोर पाहत राहिलो. डिंपलची वेणी, तिच्या खांद्यावर पट्टा नव्हता कारण तो पोटाला काचत होता, आणि तिच्यापुढे काच. मला पुस्तकातले पानच्या पान आठवू लागले. जबडा सुटत नसेल तर चकती तापते. चकती तापली तर पायाचा दाब चाकापर्यंत नेणारा ब्रेकचा द्रव तापतो. द्रव उकळला तर त्यात वाफ होते आणि पायाखाली काही उरत नाही. त्या परिच्छेदाखाली मीच पेन्सिलने रेघ ओढली होती.

पण खरेच तसे झाले असेल का? कदाचित इंजिनावर कुठे तेल सांडले असेल. मी बोलायचो आणि काहीच निघायचे नाही, तर? आणि निघाले तर? तर मी जावयांच्या तोंडावर खोटे बोललो हे आधी निघेल. वाक्य जुळवायचे, खोडायचे, पुन्हा जुळवायचे असे मी चार-पाच किलोमीटर केले. शेवटी म्हणालो, "जवाई, जरा थांबवता का?"

"हो, हो. थांबवतो नं." ते आरशात पाहून गालात हसले. माझ्या वयाच्या माणसाला रस्त्यात कशासाठी थांबावे लागते हे त्यांनी ठरवून टाकले होते. गाडी कडेला घेताना ब्रेक लागला, पण त्यांनी पाय दोनदा दाबला हे मी पाहिले.

ते तोंड धुवायला बाटली घेऊन मागच्या बाजूला गेले. मी वळसा घालून डाव्या चाकाशी वाकलो. चाकातून हवा थरथरत वर येत होती. मी बोट लावले आणि लगेच मागे घेतले. बोटाचे टोक पांढरे पडले. आत पाहिले. जबड्याच्या कडेवरून एक काळपट ओघळ खाली येऊन तिथेच वाळला होता. शंकेला जागा उरली नव्हती.

"झालं का, मामाजी?"

"झालं," मी म्हणालो.

आणि गाडीत येऊन बसलो. हे लिहायला मला आजही लाज वाटते. भाजलेले बोट मी दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून बसलो होतो आणि जावई गाडी सुरू करत होते. मी स्वतःला सांगत होतो की थोडे थांबल्याने चाक गार झाले असेल. खरे तर पुस्तकात याच्या उलट लिहिले होते. चालत्या गाडीला वारा लागतो. गाडी थांबली की सगळी उष्णता द्रवात उतरते.

जंगल विरळ झाले. पुढे रस्ता उंचवट्यावर चढला आणि तिथून लांबलचक उतार दिसला. उताराच्या तळाशी रेल्वेचे फाटक होते. ते बंद होते. फाटकाच्या अलीकडे एक एसटी, तिच्यामागे तणसाने, म्हणजे धानाच्या पेंढ्याने, भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, आणि त्या दोघींच्या भोवती उतरून उभी असलेली माणसे. आम्ही चढाच्या माथ्यावर होतो. गती पन्नास असेल.

"थांबवा," मी म्हणालो.

"आता कायले? फाटकावर थांबूच नं."

"इथेच थांबवा. उतारावर नेऊ नका. ब्रेक श्यामलालने नाही केले. मी केले. मी पिनांना टोरीचे तेल लावले. चाक जळते आहे."

आवाज माझाच होता, पण घरात कोणी तो ऐकला नसेल इतका मोठा. डिंपल वळून पाहू लागली. जावयांनी ब्रेकवर पाय दिला आणि पाय तळापर्यंत गेला.

"ओ बाप्पा," ते हळूच म्हणाले.

त्यांनी पुन्हा पाय मारला, पुन्हा, पुन्हा. गाडी थोडी अडखळली आणि उताराला लागली.

"गिअर उतरवा!" मी म्हणालो. "तिसरा. आता दुसरा. क्लच सोडून द्या. पाय मारत राहा, थोडा थोडा लागेल."

इंजिन ओरडले. डिंपलने दोन्ही हात पोटाभोवती घेतले. मी मागून तिचे दोन्ही खांदे सीटशी धरले. ट्रॉलीवरचे तणस मोठे होत चालले होते. तिच्यामागे एक माणूस आमच्याकडे पाठ करून विडी ओढत उभा होता.

"हॉर्न!"

हॉर्न ऐकून तो माणूस वळला, विडी टाकून उडी मारून बाजूला झाला.

"हँडब्रेक ओढू का?"

"हळूहळू. बटण दाबून धरा. एकदम ओढला तर गाडी फिरेल."

मागची चाके कुरकुरली. मग पहिला गिअर. गाडीने एक मोठा हिसका खाल्ला, बंद पडली आणि थांबली. ट्रॉलीच्या बाहेर आलेल्या तणसाच्या काड्या आमच्या बॉनेटवर टेकल्या होत्या.

तेवढ्यात समोरून मालगाडी जाऊ लागली.

"डिंपल," जावयांनी विचारले, "काही होऊन तर नाही राहिलं?"

ती डोळे मिटून बसली होती. दोन्ही तळवे पोटावर ठेवून काहीतरी ऐकत असल्यासारखी. मी तिचे खांदे सोडले नव्हते. किती डबे गेले मला माहीत नाही.

"हालून राहिलं," ती म्हणाली. "लाथा मारून राहिलं."

जावयांनी कपाळ स्टीअरिंगवर टेकवले.

माणसे जमली. चाकातून धूर निघत होता. एक जण पाण्याची बादली घेऊन धावत आला. "पानी मारा, पानी!"

"नको!" मी दार उघडून पुढे झालो. "पाणी मारू नका. तापलेली चकती तडकेल. तसेच गार होऊ द्या." म्हणालो आणि लगेच शंका आली, हे तरी मला नीट आठवते आहे ना? पण बादलीवाला थांबला होता.

विडीवाला माणूस जवळ आला. त्याला आम्ही जवळजवळ चिरडलेच होते, त्यामुळे त्याला बोलण्याचा हक्क होता. "कोन्या गधड्या मिस्त्रीनं केले हे ब्रेक?"

जावयांनी माझ्याकडे पाहिले नाही. "गोंदियाचा आहे एक," ते म्हणाले.

त्यांनी माझी लाज राखली. इतक्या लोकांत सासऱ्याला कोणी हसू नये म्हणून. मी गप्प बसलो असतो तर गोष्ट तिथेच मिटली असती आणि श्यामलालला काही कळलेही नसते. डिंपल गाडीतून उतरून दाराला धरून उभी होती. ती माझ्याकडे बघत होती.

"मिस्त्रीने नाही केले," मी म्हणालो. "मी केले. पिनांना टोरीचे तेल लावले."

बादलीवाला म्हणाला, "टोरीचं? खायाचं?"

"हो."

"तरीच म्हनलं, वास कायचा येऊन राहिला! भूक लागली होती मले!"

सगळे हसले. एसटीतल्या बायांपर्यंत बातमी गेली आणि त्या खिडक्यांतून वाकून हसल्या. विडीवालाही हसला. जावई हसले नाहीत. डिंपलही नाही.

ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मघा जंगलात उतरले, तवा तुमाले समजलं होतं नं?"

"हो."

"मंग काऊन नाही बोलले?"

मी भाजलेले बोट पाहत राहिलो. "जवाई हसतील असं वाटलं. तू हसशील."

"म्हंजे मी मेली तरी चाललं असतं," डिंपल म्हणाली, "पन कोनी हसलं नाही पायजे."

तिने गाडीतून आपली पिशवी काढली, उशी काढली. फाटक उघडले होते. एसटी गोंदियाचीच होती. वाहकाने पुढची सीट मोकळी करून दिली.

जावई म्हणाले, "मामाजी, तुमी हिच्यासंगं बसा. मी गाडीजवळ थांबतो."

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही तिच्यासोबत हवे. इथे मी थांबतो. चालवणार नाही. पिना काढून पाहीन फक्त."

"काढता येतीन तुमाले?"

"काढता येतात. लावता येत नाहीत."

ते पहिल्यांदा थोडे हसले. स्वतःचा मोबाइल माझ्या हातात दिला, श्यामलालचा नंबर कसा लावायचा ते दाखवले आणि एसटीत चढले. डिंपलने खिडकीतून हात केला नाही. ती समोर पाहत होती.

बादलीवाला म्हणजे फाटकावरचा बिसराम. त्याने आणि विडीवाल्याने गाडी ढकलून कडेच्या पळसाखाली नेली. मी श्यामलालला फोन लावला. काय झाले ते सांगितले, कोणी केले ते सांगितले, काय लावले तेही सांगितले.

"बाबूजी," तो म्हणाला, "बच्ची ठीक है?"

"ठीक आहे. एसटीने गेली."

"तो सुनो. चाक को पानी मत मारना."

"नाही मारले."

"शाबास. घंटाभर हाथ मत लगाना. फिर खोलके देखो, लेकिन चलाना मत. मैं आता हूँ."

तासाभराने मी जॅक लावून चाक काढले. बिसराम शेजारी उकिडवा बसला. वरची पिन थोड्या ओढाताणीने निघाली. खालची निघेना. तिच्याभोवती तेलाचे काळे, डिंकासारखे पुट बसले होते. बिसरामने कॅलिपर धरला, मी पान्याने पिन फिरवत फिरवत ओढली. निघाली तेव्हा आम्ही दोघेही धपकन मागे पडलो. रबरी टोपण मात्र शाबूत होते. फुगले नव्हते, फाटले नव्हते. तळटीप तेवढी खरी होती. मी ते टोपण जरा जास्तच वेळ बोटांत फिरवत राहिलो असेन, कारण बिसराम म्हणाला, "आता यात काय पाहून राहिले जी?"

"काही नाही," मी म्हणालो आणि फडके घेऊन पिना पुसू लागलो.

पाचच्या सुमारास श्यामलाल मोटरसायकलवर आला. त्याने पिन हातात घेतली, नखाने पुट खरवडले, नाकाशी नेले आणि मग जे हसायला लागला ते फाटकाच्या खांबाला धरूनच.

तेवढ्यात मोबाइल वाजला. डिंपलचा आवाज होता. मागे तिच्या आईचा, धुरपताबाईचा, चढलेला स्वर ऐकू येत होता.

"पोचलो आमी, बाबूजी."

"त्रास नाही ना झाला?"

"नाही. डॉक्टरीनबाईले दाखवून आलो. ठीक आहे म्हनते." मग म्हणाली, "तुमी गाडी चालवत येऊन राहिले का?"

"नाही. श्यामलाल आला आहे. त्याच्या मागे बसून येतो. गाडी तो उद्या आणेल."

"त्याले सांगितलं का, काय लावलं ते?"

"सांगितलं."

"हसला असंन."

"अजून हसतो आहे."

फोन तिने ठेवला की काय असे वाटून मी तो कानापासून काढून पाहिला. चालू होता.

"हसू द्या त्याले," डिंपल म्हणाली. "अंधार पडायच्या आधी या."